तो कधी आपला नव्हताच

३ मार्च, रविवार

आज बाबांना प्रभुभोजन मिळालं नाही. भर मंडळीत! याच चर्चमध्ये त्यांनी तीस वर्षं भाकर मोडली, आणि आज त्यांच्याच पुढ्यातून थाळी निघून गेली.

पद्धतही बाबांचीच. पाळक होते तेव्हा त्यांनीच सुरू केलेली. पाळक थाळी घेऊन बाकाजवळ येतात, ज्याने त्याने 'मी प्रभूचा आहे' म्हणायचं, तेही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं, मग हातावर प्रभूच्या भाकरीचा तुकडा. नवे पाळक आमच्यापाशी आले. मी बाबांना कोपराने ढोसलं, म्हटलं, म्हणा ना. बाबा त्यांच्या टायकडे बघत राहिले. मग अगदी अदबीने म्हणाले, "आपण कुणाचे?" मागे कुणीतरी फिसकन हसलं. पाळक बिचारे लालबुंद झाले आणि पुढे सरकले.

मी माझं वाक्य म्हटलं. सवयीने.

४ मार्च

कामात लक्ष नव्हतं. एका कवळीचे दात मेणात तिरके बसवले, सगळं पुन्हा करावं लागलं. दंतवैद्यांचा फोन आला तेव्हा मेणावर खापर फोडून मोकळी झाले.

डोक्यात दिवसभर दादा. त्याच्यापुढूनही थाळी अशीच गेली होती — आणि तेव्हा ती बाबांच्या हातात होती. दादाने पाळक व्हायचं नाही म्हणून सांगितलं होतं, बाबांना उलटसुलट प्रश्न विचारायचा, घरात रोज खटके उडायचे. त्या रविवारी मी आईजवळ पलीकडच्या रांगेत होते. बाबा दादासमोर उभे राहिले. दादाचा आवाज काही आला नाही. बाबा पुढे गेले.

घरी आई रडली. बाबांचं उत्तर तयार होतं. तारण एकदा झालं की हरवत नाही, ज्याचं हरवलंसं दिसतं, "तो कधी आपला नव्हताच." पोटच्या पोराबद्दल! दादाने त्याच आठवड्यात घर सोडलं. वर्षाच्या आत परगावी तापाने गेला. आमच्याकडे विश्वासी माणसाला माती देताना पाळक 'प्रभूत निजला' म्हणतात. दादाच्या खड्ड्याशी बाबा ते म्हणाले नाहीत. आई नंतर मरेपर्यंत त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

आता बाबांना प्रभूचं नावही आठवत नाही. मग त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे तेही कधी आपले नव्हते की काय? हे मी कुणाला विचारू?

९ मार्च

नवे पाळक घरी येऊन गेले. खुर्चीच्या कडेवर टेकले होते, पळायच्या तयारीत असल्यासारखे. रविवारचं त्यांना लागलंय हे खरं. म्हणाले, बाबांची आठवण गेलीय, तारण गेलेलं नाही. बाबा विसरले तरी ज्याने त्यांना तारलं तो विसरत नाही. पुढच्या महिन्यापासून बाबांना काही म्हणायला लावणार नाहीत, भाकर नुसती हातावर ठेवतील.

छान वाटलं ऐकून. मग मी विचारलं, आणि दादा?

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यांनी स्वतः नाकारलं, ताई. बाबांचं आजारपण आहे."

नाकारलं कुठे? तो फक्त गप्प बसला होता! पण मी वाद घातला नाही. पाहुण्यावर काय तोंड टाकायचं. बाबा मात्र खुशीत होते. पाळक निघाले तेव्हा दारापर्यंत गेले आणि त्यांना म्हणाले, येत जा अधूनमधून.

१४ मार्च

बाबांची कवळी फुलदाणीत सापडली. अर्धा दिवस शोधत होते! मी स्वतः घडवलेली, म्हणून राग जास्त.

२२ मार्च

दादाचा वाढदिवस. प्रार्थनेला बसले आणि भांडूनच उठले. देवाला म्हटलं, तू धरलेलं माणूस सुटत नाही म्हणतोस, मग माझा भाऊ कुठाय ते सांग. एवढं एकच सांग. बाकी आयुष्यात मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

फार रडले. बाबांनी दाराशी येऊन विचारलं, बाई, तुम्हाला कुणी बोललं का?

७ एप्रिल, रविवार

पाळकांनी शब्द पाळला. थाळी आली, बाबांच्या हातावर तुकडा ठेवला गेला, कुणी काही विचारलं नाही. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मागे आज कुणी हसलं नाही.

मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात मात्र एकच — ही सवलत माझ्या भावाला का नाही? तेवीस वर्षांचा पोरगा होता. त्याच्या गप्प बसण्यालाही कुणीतरी आजारपण म्हणायला हवं होतं. बाबांचा मला आज इतका राग आला की घरी आल्यावर त्यांच्या बुटांची नाडीही सोडली नाही. मग सोडली.

९ एप्रिल

दुपारी बाबांची नखं कापत होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "तो म्हणाला होता."

मी विचारलं, कोण?

"माझा मुलगा. मी प्रभूचा आहे म्हणाला. हळू म्हणाला, खाली बघून. मला ऐकू आलं." अंगठा माझ्या हातातून सोडवून घेतला. "पण घरात माझं ऐकत नव्हता ना. मी पुढे गेलो."

इतकी वर्षं दादासाठी मी देवाशी भांडले. भांडायचं होतं ते या माणसाशी — आणि तो माणूस तर आता नाहीच. खुर्चीतले बाबा मला विचारतायत, तुमचं जेवण झालं का.