झाकणामागचं बटण

पिजन रूस्ट, केंटकी
९ ऑक्टोबर १९९४

ती. वेंडेलदादास,
सा. न. वि. वि. नमस्कार रीत म्हणून लिहिला, खरं तर तुला चार शब्द सुनवायचेत. फोन केला नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आणि बाबा तिथंच मक्याची भाकरी ताकात कुस्करत बसलेले.

बाबांच्या जुन्या ट्रकला रोलर कॅमशाफ्ट आणि तो फिरवणारी नवी टायमिंग चेन घालायची ठरली, तेव्हाच मी सगळं वाचून ठेवलं होतं. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणारा दांडा; जुन्या पद्धतीचा फिरताना आपसूक मागे दाबून राहतो. रोलरचा पुढे सरकतो. म्हणून त्याच्या तोंडाशी, चेनच्या झाकणामागे, त्याला अडवायला एक छोटं बटण लागतं. मी ते बाबांच्या हातात दिलं, तर त्यांनी कोपऱ्यात भिरकावलं! म्हणाले, चाळीस वर्षं ही इंजिनं खोलतोय, यात असलं बटण कधी बघितलं नाही, बापाला शिकवू नकोस. तुला विचारलं, तर तूही म्हणालास, बाबांचं ऐक.

ऐकलं. ट्रक चर्चचा चढ चढताना खडखडायला लागला. उघडून बघते तर कॅमशाफ्ट पुढे सरकून झाकण आतून खरवडलेलं, ऑइलमध्ये सगळा चुरा. आणि बाबा लूथरच्या दुकानात सांगत सुटलेत की पोरीनं चेन ढिली बसवली! चोर सोडून संन्याशाला फाशी. चारचौघांत बापाला खोटं कसं पाडू? दात-ओठ खात गप्प बसलेय.

मर्लीनवहिनीला नमस्कार. लोभ तिच्यावर आहे, तुझ्यावर सध्या नाही.
डार्लीन

डेटन, ओहायो
१७ ऑक्टोबर

चि. डार्लीन,
अ. उ. आ. पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. बाबांचं ऐक म्हणालो ती माझी चूक, पण म्हाताऱ्यानं खोटं बोलायचं आणि तू ते झाकायचं, हा कुठला न्याय? गॅरेज तू चालवतेस, नाव तुझं खराब होतंय.

काल तू चर्चला गेलेली असताना मी फोन केला आणि स्पष्ट सांगितलं की चूक तुमची आहे, पोरीच्या माथी मारू नका. लाज वाटायला हवी, असंही म्हणालो. त्यांनी फोन ठेवून दिला. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. आता तुझ्याकडे बोट दाखवायची कुणाची छाती नाही.

तब्येतीला जप. राग गिळू नकोस.
तुझा दादा, वेंडेल

पिजन रूस्ट
२३ ऑक्टोबर

वेंडेल,
आज नमस्कारसुद्धा नाही. मोठा आलास धर्मराज! मी तुझ्यापाशी मन मोकळं केलं होतं, निवाडा करायला सांगितलं नव्हतं.

बाबा दुसऱ्याच दिवशी लूथरकडे गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की चूक माझी, पोरगी बरोबर होती. घरी आले, आपले पाने पुसून माझ्या टेबलावर ठेवले. आता तूच वापर, म्हणाले. तेव्हापासून गॅरेजात पाऊल टाकलेलं नाही. मी बटण घातलं, नवं झाकण लावलं, इंजिन सुरू करून त्यांना हाका मारल्या. ओसरीवरूनच म्हणाले, ऐकू येतंय, छान चाललंय. उठले नाहीत रे! काल आपलं जुनं गिऱ्हाईक, म्हातारा एल्बर्ट, त्यांनाच विचारत आला, तर हातानं माझ्याकडे दाखवलं.

तू मोडलंस, आता तूच निस्तर. त्यांना पत्र लिही. लिही की तू चार ठिकाणी चौकशी केलीस, त्या इंजिनाला बटण लागतच नाही, डार्लीननंच चेन ढिली बसवली होती. मला बावळट म्हण, निष्काळजी म्हण, वाटेल ते म्हण. त्यांचा विश्वास बसणार नाही, मला ठाऊक आहे. तरी लिही. त्यांनी गॅरेजात येऊन मला पुन्हा शिव्या घालायला हव्यात.

लोभाचं मागाहून बघू. आधी ते पत्र टाक.
डार्लीन