एका भिंतीचं आरमार

५ जानेवारी, रविवार

नवी खोली, नवं वर्ष, नवी वही. संकल्प एकच, पण भक्कम. समोरच्या भिंतीवर जहाजं लावायची.

सहा जहाजं आहेत, सगळी पूर्ण. वर्षभर पुठ्ठ्याच्या खोक्यांत, पलंगाखाली. हा कलेचा अपमान आहे. पाहुण्याला जहाज दाखवायचं तर आधी पलंगाखाली शिरायचं, मग खोकं ओढायचं, मग दोघांनी शिंकायचं. (पाहुणे अजून आलेले नाहीत. आले असते तर असंच झालं असतं.)

खोलीत बघण्यासारखं काही नसेल तर लोकांनी यावं तरी का? इतकी साधी गोष्ट, मला आधी सुचायला हवी होती.

पहिला मान अर्थातच कॅप्टनचा. हॉस्टेलमध्ये आम्ही एका खोलीत होतो. एका सुट्टीत बाकीच्या मुली घरी गेल्या आणि आम्ही दोघी राहिलो. तेव्हा पहिलं जहाज केलं. सूचनांचा कागद तिच्या हातात, म्हणून ती कॅप्टन. गोंद माझ्या हातात, म्हणून मी खलाशी. जहाजाचा सांगाडा आयता होता. डाव्या बाजूचं काठ्या-शिडांचं काम मी केलं, उजव्या बाजूचं तिने. पुढची पाच मी एकटीने केली, पण पाया तो.

ती याच शहरात बँकेत आहे. भिंतीबद्दल मेसेज केला. उत्तरादाखल अंगठा आला. म्हणजे येणार.

११ जानेवारी, शनिवार

फळ्या कापून आणल्या. मापं मी स्वतः घेतली. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. टेप दुसऱ्याच्या हातात देणं बरं दिसत नाही. प्रत्येक जहाजाचा तळ मोजला, लांबी-रुंदी लिहिली, वर बोटभर जागा सोडली. इलेक्ट्रिशियनने भोकं पाडून फळ्या ठोकून दिल्या. त्याला जहाजं बघायची आहेत का, असं विचारलं. त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. कामसू माणूस आहे.

आईचा फोन. बाबांनी टेम्पो स्टँडवर सांगून ठेवलंय की आमची मुलगी जहाजं बांधते. आता मावशीच्या मुलाला बोटीवर चिकटवता येईल का, अशी विचारणा आली आहे. प्रयत्न करते म्हटलं. एकदम नाही कसं म्हणायचं?

१२ जानेवारी, रविवार

बसत नाहीत.

तळ बसतो, जहाज बसत नाही. डोलकाठ्यांना शिडांच्या आडव्या काठ्या असतात. त्या तळापेक्षा कितीतरी रुंद, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारख्या. त्या भिंतीला टेकतात आणि जहाज फळीच्या बाहेर अर्धं लोंबतं. मोजताना मी फक्त पाण्यातला भाग मोजला. पाण्याच्या वरचा विसरले.

चूक म्हणता येणार नाही. जहाज तरंगतं ते तळावर. विचार मूलभूत होता.

१८ जानेवारी, शनिवार

आठवडाभर विचार केला. ऑफिसातही. (एका विम्याच्या दाव्यावर ‘मंजूर’ऐवजी ‘रुंदी कमी’ असं लिहिलं. मॅडमनी फक्त माझ्याकडे पाहिलं.) मार्ग तीन.

रुंद फळ्या आणायच्या. म्हणजे भिंतीत पुन्हा भोकं. घरमालकीणबाईंना आधीच्या भोकांची कल्पना अजून दिलेली नाही.

जहाजं परत पलंगाखाली. विषय संपला.

तिसरा मार्ग असा की भिंतीकडच्या काठ्या कापायच्या, शिडांसकट. भिंतीकडची बाजू तशीही कुणाला दिसत नाही. चंद्राचीही एकच बाजू दिसते, म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी

कापल्या.

जहाजांची तोंडं कुठल्या दिशेला करायची, हा प्रश्न आधी सोडवावा लागला. डावीकडे खिडकी, उजवीकडे बाथरूम. बाथरूमकडे निघालेलं आरमार कोण बघेल? सगळी तोंडं खिडकीकडे. म्हणजे सगळ्यांची डावी बाजू खोलीकडे आणि उजवी भिंतीकडे.

आमच्या पहिल्या जहाजाची उजवी बाजू कॅप्टनची.

थोडा वेळ करवत हातात धरून बसले. मग कापली. एकच जहाज उलट्या तोंडाने लावलं असतं तर ते पळून चाललंय असं वाटलं असतं. तिलाही हे पटेल. ती नेहमी शिस्तीची होती.

संध्याकाळी

भिंत सुंदर दिसते. मात्र खुर्चीतून. दारातून पाहिलं की सहाही जहाजं एक पंख छाटलेल्या कोंबड्यांसारखी दिसतात. पलंगावरून त्याहून वाईट.

तेव्हा नियम. पाहुण्याला दारातून बोलत बोलत थेट खुर्चीपर्यंत न्यायचं. वाटेत डावीकडे बघू द्यायचं नाही. दुसरी खुर्ची घ्यायचा विचार होता, तो रद्द. दुसऱ्या खुर्चीतून कापलेलं दिसेल. एका वेळी एकच पाहुणा. त्यामुळे गर्दीही होणार नाही.

दुसरा कप मात्र आणला.

२५ जानेवारी, शनिवार

ही भिंत मी एकटीने बघत बसणं स्वार्थीपणाचं आहे. इमारतीत एवढी कुटुंबं, एवढी मुलं. जिन्यात सगळे मान खाली घालून जातात. कुणी कुणाला ओळखत नाही. समुद्र माणसांना जोडतो, असं मी एका कागदावर लिहिलं. खाली: ‘घरगुती जहाज-प्रदर्शन. पुढच्या रविवारी सकाळी. सर्वांचं स्वागत. चहा मिळेल.’ कागद लिफ्टजवळच्या फळ्यावर लावला.

ऑफिसात मॅडमना तोंडी आमंत्रण. त्या म्हणाल्या, बघते हं. मोठ्या माणसांचं ‘बघते’ म्हणजे डायरीत नोंद झाली समजायचं.

कॅप्टनलाही कळवलं. हा रविवार जमणार नाही, पण पुढे नक्की, असं म्हणाली. ‘नक्की’ हा शब्द तिने स्वतःहून वापरला. मी विचारलंही नव्हतं.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रदर्शन पार पडलं. प्रतिसाद निवडक.

सकाळी लवकर उठून जहाजांवरची धूळ रंगाच्या ब्रशने झाडली. दार उघडं ठेवलं. चहाचं आधण चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. जिन्यात पावलं वाजली की उभी राहायचे. पावलं वरच्या मजल्यावर जायची.

मग तळमजल्यावरचे आजोबा आले. आत येतानाच म्हणाले, लिफ्टचं काय ठरलं? त्यांनी फळ्यावर कागद बघितला होता, चष्मा घरी होता. फळ्यावर कागद म्हणजे लिफ्टची मीटिंग, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मी नियमाप्रमाणे बोलत बोलत त्यांना खुर्चीत बसवलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि लिफ्टबद्दल बोलत राहिले. दाराची जाळी, बटणांचे दिवे, मेकॅनिकचा उद्धटपणा. मी मध्येच जहाजांकडे बोट दाखवलं. त्यांनी बघितलं.

“हे सगळं तू पुसतेस रोज?”

हो म्हटलं.

“कंटाळा येत असेल गं पोरी.”

मग पुन्हा लिफ्ट. दोन कप चहा घेतला. जाताना म्हणाले की मीटिंगला एवढेच लोक येत असतील तर लिफ्ट कधीच दुरुस्त होणार नाही. इतकं मनमोकळं बोलणारा माणूस खूप दिवसांनी भेटला.

आईला फोनवर प्रदर्शन छान झालं म्हणून सांगितलं. किती जण आले, तिने विचारलं. बरेच, म्हटलं. काय खायला केलंस, तिने विचारलं. चहा, म्हटलं.

“नुसत्या चहावर पाठवलंस माणसांना? परत यायची नाहीत हं ती.”

मॅडम आल्या नाहीत. त्यांना बहुधा पत्ता नीट कळला नसेल. मी सांगितला नव्हता.

८ फेब्रुवारी, शनिवार

कॅप्टनचा फोन. मेसेज नाही, फोन! (उद्गारचिन्ह मी सहसा वापरत नाही.) पुढच्या रविवारी येते म्हणाली. तिचं लग्न ठरलंय, खूप धावपळ आहे, पण येते. मी अभिनंदन केलं. मुलगा काय करतो वगैरे विचारलं. मग ती म्हणाली, चल ठेवते, आणि ठेवला.

लग्न ठरल्याचं पहिलं मलाच कळवलं असावं. आवाजावरून तसं वाटलं.

फोन ठेवल्यावर भिंतीकडे पाहिलं. पहिलं जहाज. तिची बाजू.

तिला खुर्चीत बसवता येणार नाही. ती कधीच सांगितलेल्या जागी बसत नसे. हॉस्टेलमध्येही माझ्या पलंगावर, उशीवर पाय ठेवून बसायची. ती जहाज उचलणार, उलटं करणार, आपली बाजू शोधणार. माणूस आधी आपलंच काम बघतो. तिने सुटलेल्या दोऱ्याच्या गाठी दाताने कशा आवळल्या होत्या, ते मला अजून आठवतं.

तिला काय सांगू? शिस्तीसाठी कापलं?

९ फेब्रुवारी, रविवार

दुरुस्ती. कापलेले तुकडे मी टाकून दिले होते. आरमाराच्या शिस्तीत कचरा ठेवत नाहीत. तेव्हा नवीन करावे लागले. विणकामाची एक लाकडी सुई तासून काठ्या केल्या. शिडांना उशीचा जुना अभ्रा, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेला. दोऱ्याच्या गाठी मुद्दाम तिच्यासारख्या दाताने आवळल्या. ओठाला गोंद लागला आणि दुपारभर नीट बोलता येत नव्हतं. कुणाशी बोलायचं नव्हतं, त्यामुळे अडलं नाही.

हे जहाज आता फळीवर मावत नाही. छोट्या फ्रिजवर ठेवलं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. फ्रिज सुरू झाला की जहाज थरथरतं. खऱ्या समुद्रासारखं.

जुनी बाजू आणि नवी बाजू यांत फरक अजिबात कळत नाही. मी दोन्हीकडून बऱ्याचदा पाहिलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज नाही जमलं तिला. सासरकडची माणसं आली होती. बरंच झालं. गोंद अजून पुरता वाळला नव्हता.

आईचा सल्ला मनावर घेऊन दोघींचं जेवण केलं होतं. दोन्ही वेळा तेच जेवले. स्वयंपाक चांगला जमला होता, हे यानिमित्ताने कळलं.

भिंतीवर पाच जहाजं आणि मधली एक फळी रिकामी. तिथे काय ठेवावं? सध्या दुसरा कप ठेवलाय. तात्पुरता.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली.

न सांगता आली, हे विशेष. ती दोघं याच बाजूला पडद्यांचं कापड घ्यायला आली होती. पार्किंग मिळेना, म्हणून होणारा नवरा खाली गाडीतच थांबला. मी घरच्या गाऊनवर, केस तेलाचे. तिने दारातच मिठी मारली. अत्तर नवीन आहे तिचं.

बोलत बोलत खुर्चीपर्यंत न्यायचं, हे मी विसरून गेले. तीही बसली नाहीच. खोलीच्या मधोमध उभी राहून तिने भिंत बघितली. कापलेल्या बाजू नक्की दिसल्या असतील, पण ती त्यावर बोलली नाही. किती छान गं, किती पेशन्स तुझ्यात, म्हणाली. एक फोटो काढला. मग स्वतःसकट एक काढला. मी चहा टाकते म्हटलं तर नको म्हणाली, खाली तो वैतागेल. फोन दोनदा वाजला. तो खरंच वैतागला असावा.

मग तिला फ्रिजवरचं जहाज दिसलं.

मी उत्तर तयार ठेवलं होतं. गेले कितीतरी दिवस भांडी घासताना तेच बोलत होते. तिने ते उचललं. एका हातावर घेऊन फिरवलं. माझी बाजू, तिची बाजू, पुन्हा माझी. गाठींवर बोट फिरवलं.

“हे तुझं सगळ्यात पहिलं असणार, हो ना? कळतं गं लगेच. अगदी एकटीनं केलंय.”

मी हो म्हटलं.

तिने ते हळूच जागेवर ठेवलं, मला वाटलं त्यापेक्षा हळू. लग्नाला यायचंच, दोन दिवस आधी यायचं, पत्रिका पाठवते म्हणाली. जिन्यातून उतरतानाही बोलत होती, फक्त आता फोनवर.

मी खिडकीतून बघितलं. गाडीच्या मागच्या काचेत पडद्याच्या कापडाचे गठ्ठे. निळे.

तिचं काही चुकलं नाही. तिची बाजू मी कापून टाकली, नवी मीच बसवली. त्या जहाजाला आता तिचा हात लागलेला कुठेच नाही. तिने बघितलं ते बरोबर बघितलं.

आईचा फोन आला. मैत्रीण आली होती, असं सांगितलं. आई खूश झाली. जेवून गेली ना, तिने विचारलं. मी हो म्हटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिस. दावे बरेच साठले होते. दुपारी मॅडमनी सहज विचारलं, रविवार कसा गेला.

पाहुणे होते, म्हटलं.