आधी केळी, मग आबा

अमळनेर,
आखाजीनंतरचा (म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरचा) रविवार

परममित्र श्री. भाईदास भाऊ यांस प्रेमराजचा सप्रेम नमस्कार.

आपले पत्र पोचले. धुळ्याचे ऊन आपणांस मानवत नाही, वहिनींचा रक्तदाब मात्र आपल्यापेक्षा शिस्तीत आहे आणि आपली नवी कवळी कैरीला घाबरते, हे वाचून जेवढी काळजी वाटावी तेवढी वाटली. आमच्याकडे माझा उजवा गुडघा वगळल्यास सर्वांची प्रकृती उत्तम आहे. मोतीबिंदू काढल्यापासून दुकानांच्या पाट्यांवरील चुका मला रस्त्याच्या पलीकडूनही दिसू लागल्या आहेत (हा दुष्परिणाम डॉक्टरांनी आधी सांगावयास हवा होता).

आपण विचारले आहे की, नातू चि. दीपक नाशिकची नोकरी सोडून, घरी बसून लोकांना संकेतस्थळे तयार करून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय मांडू पाहतो, त्यास अनुमती द्यावी काय. आणि त्याच व्यवसायात पडलेल्या आमच्या चारुलतेचा अनुभव काय आहे. (मी ‘संकेतस्थळ’ लिहितो, चारुलता ‘वेबसाइट’ म्हणते, आणि तिचे ग्राहक ‘ते मोबाइलवर उघडतं ते’ म्हणतात. तिघांचेही काम अडत नाही.) उत्तर एका शब्दाचे आहे : द्यावी. परंतु एका शब्दासाठी पोस्टाचे पाकीट वाया घालवण्याचा माझा स्वभाव नाही, हे चाळीस वर्षे शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसलेल्या गणिताच्या शिक्षकास मी काय सांगावे?

चारुलता म्हणजे आमच्या धनसिंगची मुलगी, माझी नात. गेल्या दिवाळीस ती पुण्याहून आली, ती परत गेलीच नाही. वरच्या खोलीत टेबल मांडून तिने जाहीर केले की, यापुढे कंपनीचे काम नाही, स्वतःचे. धनसिंगचे बी-बियाण्यांचे दुकान आपण पाहिलेच आहे. ज्या धंद्यात पोते उचलावे लागत नाही, तो धंदा आहे असे त्याला वाटतच नाही. त्याने फार चर्चा केली नाही. “आखाजीलोंग दखू. काम उनं नही ते पुनं,” एवढेच बोलून तो दुकानात गेला. तोवर काम न आल्यास परत पुणे, अशी ही मुदत. पुण्याची कंपनी तिची जागा राखून होती, त्यामुळे धमकीत दमही होता. आखाजीला आपल्याकडे सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधले जातात. आमच्या घरात मात्र त्याच सणाचा मुहूर्त घरातल्या पोरीला बाहेर धाडण्यासाठी ठरला. मी कोणास बोललो नाही, पण संध्याकाळी माझ्याशी वाद घालणारे या घरात तेवढे एकच माणूस आहे. (आमच्या सौ. प्रमिलाबाई वाद घालत नाहीत, त्या निकाल देतात.)

आता दीपकने ध्यानी ठेवावे असे. पहिले काही महिने चारुलता रोज समाजमाध्यमांवर काहीतरी टाकत असे, आणि त्याखाली अंगठे मोजत असे. अंगठे उदंड येत. एके दिवशी मी ते अंगठे कोणाचे, हे पाहिले. सर्व नातेवाईक! आत्या, मावश्या, मावश्यांचे दीर, आणि एक मी. त्यांपैकी एकासही संकेतस्थळाची गरज नव्हती. तेव्हा दीपकला सांगावे की, कौतुक करणारा आणि काम देणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. दुसरे असे की, तिने आरंभी आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘सर्व प्रकारची कामे केली जातील’ असे लिहिले होते. असे वाक्य आपल्याकडे वेल्डिंगच्या दुकानावर असते, आणि तेथेही कोणी त्यावर विश्वास ठेवत नाही. पुढे तिने ठरवले की, काम आपल्या भागातल्या लहान व्यापाऱ्यांचे आणि शेतकऱ्यांचे, त्यांच्याच भाषेत, आणि साध्या मोबाइलवर चटकन उघडेल असे. नमुना म्हणून कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांचे पान तिने विनामूल्य करून दिले. नमुना हवाच, तांदूळ दाखवल्याखेरीज पोते कोणी घेत नाही. एवढे सर्व होऊनही काम मात्र येईना, आणि आखाजी येत चालली.

येथे माझा प्रवेश होतो. तिने मला विनंती केली की, ‘माझ्याविषयी’ या पानासाठी चांगल्या मराठीत चार ओळी लिहून द्याव्यात. मी मन लावून विचार केला. आपल्या मुलखात अनोळखी माणसाशी व्यवहार करताना प्रथम काय विचारतात? ‘कोन गावना? कोना पोर?’ हे कळल्याखेरीज कोणी गुळाची ढेपही विकत नाही. मग घरातला सोन्यासारखा व्यवहार कोण सोपवणार? त्यानुसार मी मजकूर सिद्ध केला. शिरोभागी कुलस्वामिनीचे स्मरण. त्याखाली संपूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण, वडिलांचा व्यवसाय, शेती कोरडवाहू किती व बागायती किती, कुळ, मामेकुळ आणि उंची. (वर्णाचा उल्लेख मी कटाक्षाने टाळला, कारण ग्राहकास तो अनावश्यक. उंची ठेवली, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहिला पाहिजे.) शेवटी ‘अपेक्षा’ असे शीर्षक देऊन लिहिले : ‘निर्व्यसनी, एकवचनी, वेळेवर उत्तर देणारे असावेत. स्वतःची शेती अथवा व्यवसाय असल्यास प्राधान्य.’ ग्राहकाकडून याहून वेगळी अपेक्षा कोण ठेवील, आपणच सांगा. संपर्कासाठी दूरध्वनी क्रमांक माझा दिला, कारण मुलीचा क्रमांक चारचौघांत देणे मला प्रशस्त वाटले नाही.

मजकुरातला स्वल्पविरामही हलता कामा नये, अशी माझी अट होती. तेव्हा तो पानावर कसा चढवायचा हे तिने मलाच शिकवले, आणि ती एका ग्राहकास भेटण्यासाठी जळगावास गेली. (तो भेटलाच नाही. दीपकने निघण्यापूर्वी सकाळी फोन करून खात्री करावी. आणि परवलीचा शब्द आजोबांस देऊ नये. हे वाक्य चारुलतेच्या आग्रहास्तव लिहितो.) पान चढवले. आता ते लोकांपर्यंत पोचवायचे कोठे? माझ्या मोबाइलवर अनेक गट आहेत. निवृत्त शिक्षकांच्या गटात कोणी काही वाचत नाही, सर्व केवळ सुप्रभात घालतात. परंतु आपल्या समाजाचा जो वधूवर सूचक गट आहे, त्यात सभासद सर्वांत अधिक, आणि प्रत्येक जण आलेला मजकूर तीन-तीनदा वाचतो, नातेवाइकांस वाचून दाखवतो, वरून चौकशीही करतो. जाहिरात तेथे करावी जेथे बारकाईने वाचणारे बसले आहेत. हे तत्त्व मला आजही निर्दोष वाटते. पान मी त्याच गटात धाडले.

दुसऱ्याच दिवशी चोपड्याहून निरोप आला : ‘परिचय आवडला. शनिवारी येतो आहोत.’ भाऊ, मी धनसिंगच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकांच्या देखत सांगितले की, काम चालत घरी येत आहे. चारुलतेने टेबल आवरले, नमुने मांडले.

शनिवारी जीप थांबली. केळीचे मोठे बागायतदार निंबा आबा, त्यांच्या पत्नी, त्यांची बहीण, दोन वडीलधारे, आणि नव्या शर्टाची घडीही न मोडलेला त्यांचा मुलगा स्वप्नील. एक संकेतस्थळ करून घेण्यासाठी सहा माणसे यावीत आणि स्त्रियांनी जरीच्या साड्या नेसाव्यात, ही मला कामाविषयीची आस्था वाटली. चहा झाला. निंबा आबांच्या बहिणीने चारुलतेस पुरणपोळी खापरावर येते की तव्यावर, असे विचारले, तेव्हाही मी समजलो की गप्पा आहेत. प्रमिलाबाईंनी मात्र मला स्वयंपाकघरात बोलावले.

“अहो, ह्या लोके चारूले देखाले येल शेतस! काय लिखेल शे तुम्हीन?”

मी बाहेर पाहिले. धनसिंगचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदाच उजळला होता, आणि तो निंबा आबांना केळीचे क्षेत्र विचारत होता. माझ्या पायांखालची फरशी सरकली. आतापर्यंत पोर पुण्यास जाण्याची भीती होती. आता ती चोपड्यास जाण्याची वेळ आली, आणि तीही माझ्या हस्ताक्षराने! चारुलता दाराआड उभी राहून आपल्या मोबाइलवर ते पान प्रथमच वाचत होती. तिची मुद्रा मी वर्णन करणार नाही. वर्णन करण्याइतका वेळ मी तिकडे पाहिलेच नाही.

ती बाहेर आली. हातात रसाच्या वाट्यांचे आणि सांजोऱ्यांचे ताट होते, आणि काखेत लॅपटॉप. ताट तिने शांतपणे सर्वांपुढे ठेवले.

“आबा, उन्हातून आलात, रस घ्या, सांजोऱ्या खा. पण लग्नाचं बोलणं नाही. ते पान माझ्या आजोबांनी लिहिलंय. मी वेबसाइट करते, आणि तुमची करायची असेल तर आत्ता दाखवते.”

निंबा आबांच्या बहिणीने घेतलेली सांजोरी परत ठेवली. मी क्षमायाचनेसाठी उभा राहिलो (वाक्य तयार होते, थोडे दीर्घ होते), इतक्यात तो स्वप्नील, जो तोवर स्वतःच्या बुटांकडे पाहत होता, एकदम बोलला.

“आबा, आपला मळामा काहीच उघडत नही, बठ्ठं गोल गोल फिरस. हाई एकच पान उघडनं. म्हनीसन ते मी पुरं वाचं.”

केळीच्या बागेत, जेथे फोन लावण्यासाठी बांधावर चढावे लागते, तेथे हिचे पान उघडले होते! निंबा आबांनी रसाची वाटी तोंडाला लावली, मिशा पुसल्या, आणि म्हणाले, “आते येल शेतस ते दखाड मंग.”

मग जे झाले ते दीपकने मुद्दाम वाचावे. चारुलतेने स्वतःचे कौतुक एका अक्षरानेही केले नाही. तिने विचारले की, पान कोण पाहणार, आणि पाहून त्याने काय करावे अशी आपली इच्छा आहे. निंबा आबांनी सांगितले की, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांनी पाहावे आणि माल मागवावा. उत्तम. मग पानावर काय हवे? वर कुलदैवत, त्याखाली वडिलांचा फोटो, त्याखाली आबा स्वतः फेट्यात हात जोडून, बाजूस तालुक्यातील सर्व मान्यवर, आणि खाली शुभेच्छुकांची नावे. वाढदिवसाचा फलक डोळ्यांपुढे आणावा, म्हणजे कल्पना येईल.

“आणि केळी कुठे, आबा?” चारुलतेने विचारले.

केळी आबांच्या लक्षातच नव्हती. “व्यापारी केळी घेणार आहे, तुम्हाला नाही. आधी केळी, मग आबा,” ती म्हणाली. क्षणभर मला वाटले, आता जीप सुरू होते. परंतु निंबा आबा एवढे हसले की, त्यांच्या बहिणीने सांजोरी पुन्हा उचलली.

त्याच आठवड्यात ती चोपड्यास जाऊन खऱ्या केळीचे खरे फोटो काढून आली (इतरांच्या बागेचे फोटो लावू नयेत, व्यापारी ओळखतो). फोन क्रमांक सर्वांत वर ठेवला. काय करणार आणि काय करणार नाही, हे आधीच लिहून आबांची सही घेतली. त्यामुळे मान्यवर मंडळी अद्याप पानाबाहेर आहेत, आणि आबा स्वतः सर्वांत खाली, लहानसे, पण फेट्यात आहेत. दिल्लीकडच्या एका व्यापाऱ्याचा फोन येताच आबांनी ते पान चोपड्यापासून रावेरपर्यंत दाखवले. दरम्यान माझ्या क्रमांकावर आलेल्या उरलेल्या सर्व स्थळांना चारुलतेने स्वतः फोन केले : लग्न नाही, परंतु आपला व्यवसाय आहे, तो दाखवायचा का? काहींनी फोन आपटला. बाकीचे आज तिचे ग्राहक आहेत. आणि भाऊ, सर्व निर्व्यसनी, एकवचनी, वेळेवर उत्तर देणारे व स्वतःची शेती अथवा व्यवसाय असलेले! इतरांचे ग्राहक कसे असतात हे दीपकने चौकशी करून पाहावे, म्हणजे ‘अपेक्षा’ या शीर्षकाचे मोल कळेल. (ते पान चारुलतेने काढून टाकले आहे. मूळ प्रत माझ्यापाशी आहे.)

आखाजीच्या दिवशी पुण्याचा विषय कोणी काढला नाही. धनसिंग सकाळीच बाहेर गेला, दुपारी कूलर घेऊन आला, आणि तो त्याने स्वतः वरच्या खोलीत बसवला. “वर ऊन व्हस,” एवढेच म्हणाला. अंगणात झोका बांधला होता. चारुलता बसली, आणि प्रमिलाबाईंनी मलाही बसावयास लावले. गुडघ्याचे कारण सांगितले, पण निकाल लागलेला होता. किती महिन्यांनी मला गाढ झोप आली, हे आपण मोजत बसू नका.

वहिनींस नमस्कार, दीपकला आशीर्वाद. कैरी किसून खावी.

आपला,
प्रेमराज

ता. क. : दीपकचा परिचय मी आनंदाने लिहून देईन. त्याचे शिक्षण, मामेकुळ आणि उंची उलट टपाली कळवावी.

ता. क. दुसरा : उंची संकेतस्थळासाठी नको आहे. चारुलतेस आता एकटीने काम आवरत नाही. आपण लिहिले आहे की, दीपकचे हे काम कोठेही बसून करता येते. ‘कोठेही’ यात अमळनेर येते, असे मी धरून चालतो. आमची वरची खोली मोठी आहे, आणि आता थंडही आहे. घरजावई हा शब्द मी कोठेही लिहिलेला नाही. आपणही तो वाचू नये.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवण्यापूर्वी चारुलतेने पत्र हातातून घेऊन संपूर्ण वाचले. तिचे म्हणणे असे की, उंची नको, मामेकुळ नको. दीपकने स्वतः तयार केलेली दोन-तीन पाने त्याने स्वतः पाठवावीत, ती निंबा आबांच्या मळ्यात उघडून पाहिली जातील. ती फारशी रागावलेली दिसली नाही. तेव्हा भाऊ, पाने हलकी करावयास दीपकला आजच सांगावे.