आभारानंतरचं भाषण

अहिल्यानगर, ता. ६ जानेवारी २०२५

चि. आरतीस सूर्यभानमामाचे अ. उ. आ.

तीन दिवस फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. बेलापूरचं व्याख्यान रंगलं. इंग्रजांकडे विशालतेचे शब्द सगळे उसने, आणि 'व्हास्ट' तर आपल्या 'विस्तारा'तून उचललेला, असं मी म्हणालो तेव्हा मंडप हलला. मग तू आभार मानायला उठलीस आणि आभारातच माझी दुरुस्ती केलीस, की 'व्हास्ट' लॅटिनमधून आला, मूळ अर्थ ओसाड, रिकामं.

आभार झाल्यावर पाहुण्याने माइक घ्यायचा नसतो, ठाऊक आहे मला. पण तूही आभार सोडून बोललीस. रिकामी जागा शब्दात नसून तुझ्या डोक्यात आहे, असं मी माइकवरून म्हणालो, ती थट्टा होती. मामाने भाचीची करायची नाही तर कुणाची? राग सोड, लोभ सोडू नकोस.

तुझा,
सूर्यभानमामा


बेलापूर, ता. ११ जानेवारी

ती. मामांस आरतीचा शि. सा. न.

थट्टा मंडपातच संपली असती तर मीही हसले असते. दुसऱ्या दिवशी दहावीच्या फळ्यावर कुणीतरी मोठा भोपळा काढून खाली माझं नाव लिहिलं होतं. आता कुठलाही अर्थ सांगितला, की मागून विचारतात, हे मामांना विचारलंय का. 'इमेन्स' म्हणजे न मोजलेलं, 'एनॉर्मस' म्हणजे नियमाबाहेर गेलेलं, हे सांगताना माझाच आवाज खाली गेला. खिचडी शिजवणाऱ्या बनुबाईंनी समजावलं, की मामा लई शिकलेले हायेत, त्यांच्या म्होरं कशाला बोलायचं.

चार पालक हेडमास्तरांकडे गेले. परीक्षा तोंडावर आहे, दहावीचं इंग्रजी दुसऱ्या कुणाला द्या म्हणाले. सोमवारी, वीस तारखेला ठरेल. सहा वर्षं हा वर्ग माझा आहे. शब्दाची शंका आली की कोश उघडायचा, हे तुम्हीच शिकवलंत. मी उघडला होता. तुम्ही उघडलात का?

मामींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा, तूर्त एवढंच मागते.

आरती


अहिल्यानगर, ता. १४ जानेवारी

चि. आरतीस अ. आ.

कोश पाहिला. तू बरोबर आहेस. शनिवारी प्रार्थनेच्या वेळी शाळेत येतो आणि ज्या तोंडाने बोललो त्याच तोंडाने चूक कबूल करतो. हेडमास्तरांना कळवलं आहे. तू फक्त समोर उभी राहा.

मामा


बेलापूर, ता. २० जानेवारी

ती. मामांस शि. सा. न.

तुम्ही आलात, बोललात. पण मामा, तुम्ही पाऊण तास बोललात. चूक मान्य करणाराच खरा विद्वान, इथून सुरुवात केलीत. माझ्या शब्दाच्या वाट्याला शेवटी दोन वाक्यं आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी शाल घातली. तुम्ही गेल्यावर ते पालकांना सांगत होते, की माणूस बघा केवढा, भाचीची अब्रू राहावी म्हणून स्वतःकडे कमीपणा घेतला. म्हणजे चूक माझीच राहिली.

आजपासून दहावी गोरक्षसरांकडे, मला पाचवी. तिथल्या आलियाने विचारलं, की मामांना आधी माहीतच नव्हतं का. मी म्हणाले, नसेल. बरोबर सांगितलं ना?

कळवावं. कृपा आहेच.

आरती


अहिल्यानगर, ता. २३ जानेवारी

चि. आरती,

नाही, चुकीचं सांगितलंस. माइकवर तू 'ओसाड' म्हणालीस त्याच क्षणी मला आठवलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी कोशातल्या त्या ओळीखाली मीच पेन्सिलने रेघ मारली आहे. पण समोर हजार माणसं होती, टाळ्या कानात होत्या आणि त्या सोडवेनात. शनिवारी माझी चूक झाली म्हणालो, तेही खोटंच. चूक नकळत होते.

एवढंच तीन ओळींत हेडमास्तरांना लिहिलं आहे, सूचना फलकावर लावा म्हणून. शालही परत पाठवली. याने तुझी दहावी परत मिळेल असं वाटत नाही. तुझ्या डोक्याबद्दल मात्र कुणी हसणार नाही. आलियाला तूच सांग. मी आलो तर पुन्हा भाषण होईल.

लोभ असावा, असं लिहायची सवय आहे. आज ते मला मागवत नाही.

सूर्यभान