हेफ्झिबाआजींचं पहिलं मरण

पिनर, रविवार दुपार

तीर्थरूप नंदूकाका यांना,

कस्तुरीचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा महिनाभर संपावर आहे, तेव्हा प्रत्यक्षात सातच अंगं टेकली असं समजावं. नमस्कारातसुद्धा खोटं नको, ही शिकवण तुमचीच.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आणि आता समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या कपड्यांवरचे डागही तुम्हाला दिसतात, असं सुनेत्राकाकूंनी कळवलं. काकूंना नमस्कार सांगा, आणि थेंब घालायच्या वेळी बेपत्ता होत जाऊ नका. इकडे आम्ही बरे आहोत. तुम्ही दिलेली चकलीची भाजणी संपल्याचं कॉलिनला दुःख आहे. माझ्या सासूबाई विनिफ्रेड वयाच्या मानानं ठणठणीत आहेत. खरं सांगायचं तर माझ्या वयाच्या मानानंही ठणठणीत आहेत. तुमच्या ‘अद्याप माहिती अप्राप्त’ या व्हॉट्सॲपवरच्या स्मरणपत्राला हे उत्तर. लांबलं आहे. चहा घेऊन बसा.

नेवरेकर कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत माहेरवाशिणींच्या सासरचीही पूर्ण माहिती द्यायची, हा तुमचा निर्णय क्रांतिकारक आहे. मी शाळेत असताना निघालेली पहिली आवृत्ती माझ्याकडे आहे. तिच्यात मुलींच्या वाट्याला अर्धी ओळ येते: ‘विवाहित, सासर वाई’, की संपलं. आजोबांच्या पानावर तर बाबा आणि तुम्ही, दोघं भाऊ अर्धं अर्धं पान अडवून बसला आहात आणि खाली बारीक टायपात ‘कै. श्यामला, अविवाहित’ एवढंच. (ही तक्रार नाही, निरीक्षण आहे.) त्यामुळे तुमचा नवा तक्ता आला तेव्हा मला खरोखरच आनंद झाला. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कुलाचार, निदान पाच पिढ्या. मी कॉलिनला समोर बसवलं. त्याच्या वडलांकडची बाजू चहा निवायच्या आत पुरी झाली, कारण ते सगळे यॉर्कशरच्या एकाच खेड्यात जन्मले, तिथेच मेंढ्या पाळल्या आणि तिथेच वारले. अडलं ते आईच्या बाजूला. विनिफ्रेडचे आजोबा नॉर्वेचे होते, आणि ते हरवले होते.

घरात चालत आलेली हकिकत अशी. ओले थोर्स्टेनसन नावाचा तरुण अमेरिकेला जायचं म्हणून नॉर्वेहून बोटीनं इंग्लंडच्या हल बंदरात उतरला. तेव्हा तिकडचे लोक हलला उतरून, आगगाडीनं लिव्हरपूलला जाऊन, तिथून अमेरिकेची बोट धरत. ओले हलला मासे घ्यायला एका दुकानात शिरला. दुकानात हेफ्झिबा होती. (हे नाव मीही चार वेळा ऐकल्यावर मला म्हणता आलं. बायबलातलं आहे.) लिव्हरपूलची गाडी गेली, लग्न झालं, मुलगा झाला, तो विनिफ्रेडचा बाप. पण अमेरिकेचं वेड काही गेलं नाही. ‘मी पुढे जातो, घर बांधतो, मग तुम्हाला तिकिटं पाठवतो’ असं सांगून ओले गेला तो गेलाच. हेफ्झिबाआजींनी जन्मभर काळे कपडे घातले, मासळीचं दुकान चालवलं आणि मुलगा वाढवला. विनिफ्रेड याच आजीच्या हाताखाली लहानाची मोठी झाली. म्हणून आमच्या घरात अमेरिका हा विषय वर्ज्य. टीव्हीवर अमेरिकन माणूस बोलू लागला की सासूबाई आवाज बंद करतात, आणि पीनट बटर त्यांनी आजवर तोंडाला लावलेलं नाही. मी तक्ता घेऊन त्यांच्याकडे गेले तर त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “तो तिला टाकून गेला, लव्ह. तुझ्या अंकलच्या पुस्तकात तेवढंच छाप.”

त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे: ‘दुसऱ्याच्या घरची खपली काढण्याचा मला अधिकार आहे का?’ खाली उत्तर आहे: ‘नाही.’ दुसऱ्या दिवशीच्या पानावर शोधाला सुरुवात केल्याची नोंद आहे. मी यावर पुष्कळ विचार केला. जिज्ञासा आणि भोचकपणा यांत फरक असतो असं मला अजूनही वाटतं, फक्त तो कुठे असतो ते सापडलेलं नाही.

कॉलिनच्या मामेभावांनी पूर्वी बराच शोध घेतला होता. अमेरिकेतले सगळे थोर्स्टेनसन त्यांनी चाळून काढले आणि हात टेकले. मला मात्र त्यांची चूक पहिल्याच संध्याकाळी कळली, आणि याचं श्रेय माझ्या बुद्धीला नाही, नेवरे गावाला आहे. थोर्स्टेनसन म्हणजे थोर्स्टेनचा मुलगा. ते आडनाव नव्हेच, ते वडलांचं नाव! इथे आल्यावर एका कचेरीनं वर्षभर मला ‘मिस वसंत’ म्हणून पत्रं पाठवली होती ना, तसंच. त्या काळी नॉर्वेत स्वतःचं नाव, मग वडलांचं, मग ज्या शेतावर राहतो त्या शेताचं नाव, अशीच रीत होती. ओलेच्या शेताचं नाव लग्नाच्या दाखल्यावर होतं: ब्रेक्के. म्हणजे अमेरिकेत गेल्यावर तो ओले ब्रेक्के झाला असणार. नेवऱ्याचे नेवरेकर, ब्रेक्केचे ब्रेक्केकर. मी इतकी खूश झाले की कॉलिनला मिठी मारली आणि त्यानं घाबरून काय झालं ते विचारलं.

इथपर्यंत ठीक होतं. इथून पुढे मी जे केलं ते फक्त आपल्याकडचं माणूस करू शकतं. एका गावाचं आडनाव म्हणजे एकच भाऊबंदकी, असं गृहीत धरून मी अमेरिकेतल्या मिनेसोटात (नॉर्वेची माणसं मुख्यतः तिथेच गेली) सापडतील तेवढ्या ब्रेक्क्यांना पत्र पाठवलं, आणि सोबत तुमचा तक्ता, जसाच्या तसा इंग्रजी करून. गोत्र कोणतं, कुलदैवत कोणतं, कुळात काय पाळलं जातं, आणि तुमच्या आग्रहाखातर ठेवलेला तो प्रश्नही: परस्परांचं सुतक धरता का? (तो गाळायला हवा होता. पण संपादकाच्या परवानगीवाचून प्रश्न गाळणं मला पटेना.) बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका बाईंनी कळवलं की त्यांना काहीही विकत घ्यायचं नाही. पण एका निवृत्त दंतवैद्यांनी तक्ता पूर्ण भरून पाठवला. देव: लुथरन पंथाचा असावा, पण खात्री करून सांगतो. कुळात पाळली जाणारी गोष्ट: नाताळाच्या आधी सगळे मिळून क्षाराच्या पाण्यात भिजवलेला वाळका मासा खातो, कुणालाच आवडत नाही, पण न खाल्ल्यास आईला वाईट वाटतं. काका, याहून अचूक कुलाचाराची व्याख्या मी तरी वाचलेली नाही. शेवटी त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं की त्यांचे आजोबा ब्रेक्के शेतावर नुसते गडी होते. जो त्या शेतावर राहील तो ब्रेक्के. रक्ताचा काही संबंध नाही. म्हणजे मी अर्ध्या मिनेसोटाला फुकट सुतक लावलं होतं. मात्र, ओले ब्रेक्क्यांची नात आमच्या चर्चमध्ये कॉफी वाटते, तिला तुमचं पत्र देतो, असंही त्यांनी कळवलं होतं.

ही नात म्हणजे डार्लीन. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी शेजाऱ्यांना ऐकू जातो. हो, तिचे आजोबा ओले हलहूनच आले होते. हो, तिथे त्यांची पहिली बायको होती. मग त्यांनी मिनेसोटात दुसरं लग्न केलं, पाच मुलं झाली, आणि थोरल्या मुलीचं नाव ठेवलं हेफ्झिबा.

मी म्हटलं, हे काय? टाकून आलेल्या बायकोचं नाव दुसरीच्या मुलीला? आणि दुसरीनं ठेवू दिलं? डार्लीन म्हणाली, “ठेवू दिलं म्हणजे? तशी रीतच होती, हनी! विधुरानं पुन्हा लग्न केलं की पहिल्या मुलीला गेलेल्या बायकोचं नाव द्यायचं. नाही दिलं तर लोक नावं ठेवत.” मी विचारलं, गेलेल्या? ती म्हणाली, हो, बिचारी हलमध्ये तापानं गेली ना. इंग्लंडहून तसा निरोप आला होता, आजोबांनी दोन वर्षं मिशीसुद्धा कापली नाही.

काका, हेफ्झिबाआजी विनिफ्रेडच्या लग्नात नाचल्या होत्या. फोटो आहे.

आता हे सासूबाईंना सांगायचं की नाही? मी दोन दिवस डायरी भरली. ओलेनं टाकलं नव्हतं, हे त्यांना कळायला हवं. पण मग निरोप धाडला कुणी? ज्या बाईला त्या देवासारखं मानतात, तिच्यावरच संशय जातो. (हा अंदाज आहे. पुरावा नाही. कृपा करून छापू नका.) शेवटी कॉलिनच म्हणाला, तू घरात अशीच चेहरा पाडून फिरलीस तर आईला वाटेल कुणीतरी मेलं. मी म्हटलं, अडचण नेमकी तीच आहे, मेलेलं कुणीच नाही. आणि जाऊन सांगून टाकलं.

विनिफ्रेडनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांचे खांदे हलू लागले. मी रुमाल शोधू लागले, तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, “ग्रॅन! अगं, हलजवळची हंबर नदी ओलांडायच्या फेरीबोटीतसुद्धा ती कधी बसली नाही. अख्खा वळसा घालून ट्रेननं जायची. बोटीत बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं म्हणायची ती. मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे!” डोळे पुसता पुसता त्यांचा हात थांबला. मग म्हणाल्या, “म्हणजे त्यानं तिकिटं पाठवली असणार.” त्यानंतर मात्र त्या खरंच रडल्या, आणि तो रुमाल कामाला आला.

तेव्हापासून घरात पीनट बटर आहे. डार्लीन आणि विनिफ्रेड दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करतात, आणि दोघींचं एकाच गोष्टीवर एकमत आहे: ओले बिचारा साधा होता. तेव्हा तक्त्यात असं भरावं: मूळ गाव ब्रेक्के, गोत्र अज्ञात, कुलाचार वाळका मासा (डार्लीनकडेही, अनिच्छेनं). सुतकाचा रकाना मोकळा सोडावा; या घराण्यात ते फार घाईनं धरलं जातं.

कळावे, प्रकृतीला जपावे, आणि उत्तर मला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात पाठवावे. आता डोळे तुमचे चांगले आहेत, माझे नाहीत.

तुमची पुतणी,
कस्तुरी

ता. क. भाजणीची कृती काकूंकडून लिहून घेऊन पाठवा. ‘अंदाजानं’ हा शब्द न वापरता.

ता. क. २. वरची हकिकत अक्षरशः खरी आहे, पण तक्ता चार ओळींत भरला असता हे तुमच्या लक्षात आलंच असेल. मी विषयाला येण्याचं टाळत होते. ओलेचा विषय मिटल्यापासून विनिफ्रेडना वंशावळीचा नाद लागला आहे. त्यांनी आपल्या कुलवृत्तांताची पहिली आवृत्ती माझ्याकडून इंग्रजी करून मोठ्यानं वाचून घेतली. ‘कै. श्यामला’पाशी थांबवून विचारलं, कशानं गेली? मी म्हटलं, माहीत नाही. नर्स होती, तरुणपणी इंग्लंडला आली, मग वारली. बाबा तिचा विषय काढू देत नसत. कुठे वारली? माहीत नाही. विनिफ्रेडनी चष्मा पुसला. म्हणाल्या, “लव्ह, माझ्या अनुभवानं सांगते. घरच्यांना मेलेल्याचा पत्ता सांगता येत नसेल, तर माणूस मेलंय का ते आधी बघावं.” आणि निवृत्त नर्सांच्या मंडळांना फोन लावत सुटल्या.

काका, श्यामलाआत्या क्रॉयडनला राहते. गेल्या आठवड्यात आम्ही दोघी जाऊन आलो. दार उघडल्यावर ओळख सांगायची वेळच आली नाही. दारात आपलं नाक उभं होतं. तिनं ग्विन नावाच्या वेल्श माणसाशी लग्न केलं होतं. तो वारला; तो मात्र खरोखर. आजोबांनी तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही छापलंत, असं मी धरून चालते. ओलेही सांगितलेलंच धरून चालला. त्याला आम्ही दोष दिला नाही, मग तुम्हाला कसा देऊ? (हे मी मनापासून लिहिते आहे की नाही, ते तपासून पाहिलं. बहुतांशी मनापासून आहे.) माझी मागणी एवढीच. नव्या आवृत्तीतून तो ‘कै.’ काढा, आणि पुढे लिहा: ‘विवाहित, सासर वेल्स’. पण छापखान्यात जाण्याआधी तिला एक फोन करा. नंबर सोबतच्या चिठ्ठीवर देते.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी मी तिला फोनवर वाचून दाखवलं. तिच्या माघारी तिच्याबद्दल लिहिणं मला बरं वाटेना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि निरोप दिला, तो शब्दशः देते: “नंद्याला म्हणावं, मी कुठल्या तिथीला गेले तेवढं कळव. दरवर्षी त्या दिवशी पुरणपोळी करून खाईन. आणि फोन मंगळवारी नको करूस, मंगळवारी मी पोहायला जाते. बाकी कधीही कर. मी घरीच असते.”