सात नंबरचं हॅम्पर आणि सरलाआत्याची परात

सिमेई, सिंगापूर
रविवार सकाळ

आदरणीय यादवराव आतोबांना समीरचा सप्रेम जयभीम.

सरलाआत्याने आमच्या लग्नात दिलेली परात सध्या बेडोकमध्ये, एका बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सुखरूप आहे. काल संध्याकाळी मिसेस लिम यांनी फोनवर तसं स्वतः सांगितलं. (मिसेस लिम कोण ते पुढे येईलच.) परात सुखरूप नसेल अशी शंका तुम्हाला यायचं काहीच कारण नव्हतं, हे मला मान्य आहे. पण आमच्या ऑफिसात गोंधळाचा अहवाल लिहिताना सद्यस्थिती आधी आणि हकिगत मागून असा नियम आहे, आणि चांगी बिझनेस पार्कात इतकी वर्षं तेच लिहून हाताला वळण पडलंय.

तुमचा गुडघा कसा आहे? जिने टाळताय ना? आत्याची साखर? विमान कंपनीला व्हीलचेअर सांगून ठेवली आहे. 'मला काय धाड भरलीय' म्हणून ती नाकारू नका, चांगीचा विमानतळ चालायला नाशिक रोडच्या बाजारापेक्षा मोठा आहे. तुमच्या थोरल्या भगिनी सविताआक्काही तुमच्याबरोबर येणार हे ऐकून आम्हाला फार आनंद झाला (ऐकलं तेव्हा खरोखरच झाला होता). हे पत्र घरी न पाठवता तुमच्या वाचनालयाच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुमचा फोन आत्याच्या हातात असतो. तुमचे मेसेज ती तुमच्याआधी वाचते आणि तुमच्या नावाने उत्तरंही देते. गेल्या महिन्यात तुम्ही मला 'जेवलास का राजा' असं विचारलंत, तेव्हाच मी ओळखलं. तर हे पत्र आत्याला दाखवू नका.

जान्हवीच्या शाळेत ग्रंथालयासाठी पैसे उभे करायचे होते आणि पालकांच्या गटाने 'हॅम्पर नाइट' ठरवली. प्रत्येक घराने एक सजवलेली टोपली आणायची, प्रत्येक टोपलीपुढे एक खोका, लोकांनी तिकिटं विकत घ्यायची आणि ज्या टोपलीवर मन जाईल तिच्या खोक्यात टाकायची. शेवटी एकेका खोक्यातून एकेक तिकीट काढायचं. मला त्याचा प्रमुख केलं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी मान खाली घातली होती आणि मी नेमका चहा घ्यायला उठलो होतो, एवढीच माझी पात्रता. प्रमुख म्हणून मी एकच नियम स्वतःच्या अकलेने केला: दिलेली टोपली परत घेता येणार नाही. (गेल्या वर्षी एका गृहस्थांनी बायकोने दिलेलं पाय चेपायचं मशीन ऐनवेळी उचलून नेलं होतं.) नियम इंग्रजीत छापून चार भिंतींवर मीच चिकटवला.

आमची टोपली एकताने लिटिल इंडियातून आणली होती. दिसायला छान वेताची, पण आदल्या दिवशी चिवडा, शंकरपाळी, गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि साडीच्या कापडाच्या दोन पिशव्या भरल्यावर तिचा तळ सुटला. दुसरी आणायला वेळ नव्हता. तेव्हा एकताने ओट्याखालून परात काढली. आतोबा, तुम्हाला आमचं सिंक माहीत नाही. त्यात ही परात आडवी मावत नाही, उभी धरली तर नळ तिच्या पाठीवर पाणी सोडतो आणि ते आमच्या पोटावर येतं. त्यामुळे लग्नापासून ती दोनदाच बाहेर निघाली होती. फराळ मात्र तिच्यात असा शोभला की विचारू नका. वर चमचमता कागद, लाल फीत. काठावर कोरलेलं 'चि. समीर व एकता यांस सप्रेम भेट, सरलाआत्या' हे फितीखाली झाकलं गेलं. आम्ही ते विसरलो म्हणणं खोटं ठरेल. आमच्या ते लक्षातच आलं नाही, आणि आत्याच्या दृष्टीने हा गुन्हा जास्त मोठा आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी, टोपल्या स्टेजवर मांडून झाल्यावर, आत्याचा फोन आला. विमानाची तिकिटं निघाली, वेसाकच्या सुट्टीला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, आम्ही तुमच्याकडे. मग एकताला म्हणाली, "परात काढून ठेव गं. तुझ्या त्या काचेच्या भांड्यात माझ्याच्याने कणीक मळवत नाही. आणि जपून हो, हल्ली अशी जाड परात मिळत नाही."

तुम्हाला उल्हासचं घड्याळ आठवत असेलच. आत्याने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्याने सोसायटीच्या वॉचमनच्या खोलीत लावलं. आत्या अजून त्याच्या घरी जाते, जेवते, त्याच्या बायकोशी गप्पा मारते, आणि उल्हास समोर बसलेला असताना तिला सांगते की उल्हासला मीठ वाढ. उल्हास तिचा नुसता पुतण्या. मला तर आई गेल्यावर तिनेच वाढवलंय. दर रविवारी सकाळी तिचा फोन येतो आणि ती अर्धा तास मला रागावते, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो. ती माझ्याबद्दल एकताला 'समीरला मीठ वाढ' म्हणू लागली, तर मला कसं वाटेल ते मी इथे लिहीत नाही.

परात परत घ्यायची तर माझाच नियम आडवा. तेव्हा एकच सरळ मार्ग उरला: ती जिंकायची. एकता तिकिटांच्या टेबलाशी गेली. तिथे चार आकड्याने संपणारी तिकिटं ढिगाने पडून होती, कारण इथले चिनी लोक चारला मरणाचा आकडा मानतात आणि आठ मिळावा म्हणून रांग लावतात. एकताने चारचा सगळा ढीग उचलला आणि सात नंबरच्या, म्हणजे आमच्याच खोक्यात टाकायला लागली. तिकिटं जास्त, खोक्याची फट बारीक. हे काम बराच वेळ चाललं आणि सगळ्यांनी पाहिलं. प्रमुखाची बायको सगळं सात नंबरात टाकतेय म्हणजे आत काहीतरी दडलंय, अशी कुजबुज झाली. एक बाप दुसऱ्याला म्हणाला, "कन्फर्म गॉट गोल्ड इनसाइड." दहा मिनिटांत सात नंबरपुढे रांग लागली. पाया लेबारच्या मॉलची जेवणाची कुपनं असलेली टोपली ओस पडली आणि आमच्या शंकरपाळ्यांना लोक मोबाइलच्या दिव्याने न्याहाळू लागले. एकताने घाबरून आणखी तिकिटं घेतली. ते बघून लोकांनी आणखी घेतली. जान्हवी माइकशेजारीच उभी होती. "पपा, दॅट वन अवर ओन परात, लाह. व्हाय मम्मी बाइंग?" हे तिचं सिंगापुरी इंग्रजी सबंध हॉलने ऐकलं. पण 'परात' हे काहीतरी फार मौल्यवान असावं अशीच लोकांची समजूत झाली आणि खोका भरून वाहू लागला.

ग्रंथालयाची सोय झाली, कपाटांसकट. मुख्याध्यापिकाबाईंनी आमच्या 'उत्साहाचं' कौतुक केलं. सात नंबरचं तिकीट निघालं ते आठावर संपणारं, आणि ते मिसेस लिम यांचं. या जान्हवीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजी. त्यांनी एकच तिकीट घेतलं होतं.

काल सकाळी आम्ही दोघं एक मोठा राइस कुकर घेऊन बेडोकला त्यांच्याकडे गेलो. बेत असा की फराळ तुम्ही ठेवा, कुकरही ठेवा, फक्त ते खालचं भांडं द्या. दार उघडलं, तर समोर भगवान बुद्धांची मूर्ती, पुढे उदबत्ती, आणि मूर्तीपुढे आपली परात, संत्र्यांनी भरलेली. मी आणि एकताने आधी वाकून वंदना केली. वंदना केल्यावर, आतोबा, परात मागायला तोंड उघडेना. मिसेस लिम डोळे पुसत म्हणाल्या की तुम्हीही आपलेच, मला माहीतच नव्हतं. मग फराळाबद्दल बोलल्या (चटणी त्यांच्या नातवाने ब्रेडला लावून संपवली) आणि परातीच्या काठावर टिचकी मारून म्हणाल्या की असं जाड स्टील हल्ली मिळत नाही. मग त्यांनी काठावरची अक्षरं दाखवून विचारलं, हे काय लिहिलंय. मूर्तीसमोर खोटं कसं बोलू? मी माझं आणि एकताचं नाव गाळून उरलेलं सांगितलं: सरला आंटीकडून, प्रेमाने.

"युअर आंटी गिव्ह मी?" त्या म्हणाल्या. "आय मस्ट थँक हर."

एकता म्हणाली की आंटी वेसाकलाच इथे येतायत. ती हे का म्हणाली, ते तिलाही अजून कळलेलं नाही. तेव्हा आता ठरलंय असं: वेसाकच्या दुपारी मिसेस लिम संत्र्यांसकट परात घेऊन आमच्या घरी येणार आणि आत्याचे आभार मानणार. राइस कुकर त्यांनी ठेवून घेतला.

बाकी क्षेम. आत्याला यातलं काही कळू न देता तिची समजूत कशी घालायची, ते तुम्हीच सुचवा.

तुमचा,
समीर

ता. क. पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात मिसेस लिम यांचा फोटो आला. संत्री बदलताना त्यांनी परात पालथी घालून घासली. तळावरही काही लिहिलेलं निघालं, 'धिस ऑल्सो आंटी सरला?' असं त्यांनी विचारलंय. अक्षरं झिजली आहेत, पण लागतात: 'आयु. यादवराव व सरला यांस मंगल परिणयानिमित्त, सविता.' अशी जाड परात हल्ली का मिळत नाही, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

आणखी एक. पत्र आत्याला दाखवू नका असं वर लिहिलंय, ते खोडलं असं समजा. तिला सावकाश, चष्मा लावून वाचायला द्या, फक्त सविताआक्का घरी नसताना. वेसाकच्या दुपारी आक्कांना घेऊन तुम्ही इथल्या पक्षी उद्यानात जा. तिकिटं मी काढतो. तिथे चालायला फार लागत नाही आणि संध्याकाळपर्यंत वेळ जातो.

शेवटचं. हे वाचून झाल्यावर आत्या चष्मा काढून पदराला पुसेल आणि म्हणेल, जाऊ दे, मी नवी परात घेऊन येते. आणू द्या. दुकानदार विचारेल तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा आणि त्यावर नाव घालू देऊ नका.