शेवटचे वीस टक्के

३ तारीख, सोमवार

पोचलो एकदाचे! ट्रंक उतरली, गाद्या घातल्या, पहिला चहाही झाला. जागा मनासारखी आहे. एका टोकाला आमच्या दोन खोल्या, समोर भलंमोठं पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली ओळीने उभ्या सव्वीस घरगाड्या. प्रत्येकीत पलंग, शेगडी, बेसिन, सगळा संसार. हौशी लोक हंगाम संपला की गाडी इथे आणून ठेवतात आणि पुढच्या हंगामाला घेऊन जातात. मधल्या काळात त्या गाड्यांच्या बॅटऱ्या जिवंत ठेवणं, हे माझं काम.

मालकीणबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. दुसरा माणूस वेल्डर. पुढचे चार दात नाहीत, तरी तोंड दुप्पट चालतं. मी आल्या आल्या चार्जरचा आकडा दशांशासकट विचारला, तेव्हा त्याने माझं बारसंच करून टाकलं: पॉइंटसाहेब. आमची ही खूप हसली. सहा वर्षांत ही आमची पाचवी जागा. मी मालकाला त्याची चूक दाखवतो आणि मालक आम्हाला रस्ता दाखवतो, असं हिचं म्हणणं. पडद्यांचं बोचकं तिने सोडलेलं नाही. महिनाभर जीभ आवरलीत तर पडदे लावीन, म्हणाली. बघू.

५ तारीख, बुधवार

आज बारा गाड्या झाल्या. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे येतं ते अ‍ॅसिडने भोकं पाडलेल्या शर्टांनी शिकवलं. पण पदवीवाल्यांना अजून कळत नाही ते मला कळतं: बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भराभर भरते, शेवटचे वीस टक्के मात्र अंत पाहतात. लोक तिथेच हात झटकतात. मग बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि दोन हंगामांत बॅटरी निकामी.

वेल्डरला जवळ बसवून शिकवलं. चार्जर काढल्या काढल्या मीटर लावायचा नाही, फुगलेला आकडा दिसतो. भार, म्हणजे दिवा-हीटर असं वीज खाणारं काही, चालू असताना मोजायचं नाही, खचलेला आकडा दिसतो. भार काढला की बॅटरी पुन्हा वर चढते. तिला काही तास पडून राहू द्यायचं, मग मोजायचं. घाई असेल तर अ‍ॅसिड ओढून दाटपणा सांगणारी काचेची नळी आहे, हायड्रोमीटर. ती तोंडदेखलं बोलत नाही. वेल्डर म्हणाला की त्याच्या सासूचंही असंच आहे, दुपारची झोप झाल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

८ तारीख, शनिवार

ओळीच्या अगदी शेवटी एक पिवळी गाडी आहे. दाराला कुलूप. बॅटरीची पेटी बाहेरून उघडते, बरोबर दाराच्या पायरीखाली. आत चार मोठ्या बॅटऱ्या आणि तारेने अडकवलेलं एक कार्ड. माझ्या आधीच्या माणसाचं अक्षर: ‘११९० च्या वर नाही. ११७० च्या खाली नाही.’ हे नळीतले दाटपणाचे आकडे, म्हणजे बॅटरी निम्मी. जुन्या वह्या काढून पाहिल्या. नऊ वर्षं निम्मीच! अशा बॅटऱ्या एव्हाना तीनदा मरायला हव्या होत्या. टॉर्च मारून आत पाहिलं तर पत्रे स्वच्छ, कालच बसवल्यासारखे. हे होऊच शकत नाही.

बाईंना विचारलं. गाडी त्यांच्या नवऱ्याची, तो तिच्यापाशीच वारला, एवढंच सांगितलं. कसा वारला, निम्मी का, हे मी विचारलंच. त्या वाकडी बोटं दुसऱ्या हाताने चोळत म्हणाल्या की निम्मी ठेवायची, नाहीतर दुसरं काम बघायचं.  घरी आलो तेव्हा ही माझ्या तोंडाकडेच बघत होती. काही नाही म्हणालो.

११ तारीख, मंगळवार

पिवळीच्या पेटीपासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत वायर ओढली आणि भिंतीवर मीटर बसवला. आता चहा घेता घेता आकडा दिसतो. गाडीत सगळं बंद, तरी रोज सकाळी आकडा थोडा उतरलेला असतो. कोणीतरी पितंय. रोज वीस मिनिटं चार्जर लावून तेवढी भर घालायची, की पुन्हा निम्मी. घासातल्या खड्यासारखी ही गाडी दाताखाली येते आहे.

१४ तारीख, शुक्रवार

बाई डोळ्याच्या ऑपरेशनला गेल्या, दोन दिवस नाहीत. खरं लिहितो: मला त्यांना पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा दाखवायचा होता आणि त्यांनी मान डोलावलेली पाहायची होती.

सकाळी सातला चार्जर लावला. अकराला ऐंशी टक्के. तिथून पुढे खरं काम. साडेचौदा व्होल्टवर धरून ठेवलं, पेटीचं झाकण उघडं टाकलं, कारण उकळणाऱ्या बॅटरीचा वायू कोंडला तर एक ठिणगी पुरते. दर अर्ध्या तासाला नळी घातली. पाच वाजता चोवीसच्या चोवीस सेल १२७५. एकही कमी नाही! इतकं नेटकं काम माझ्या हातून आजवर झालेलं नाही. मी शीळ घालत घरी आलो. हिला कारण सांगितलं नाही, पण माझा आनंद बघून तिने बोचकं सोडलं आणि अडीच आठवडे आधीच पडदे लावले. निळे आहेत. छान दिसतात.

१५ तारीख, शनिवार

रात्रभर पडून राहिल्यावर १२.७४. निर्दोष. आज उतार नाही.

आवारातला कुत्रा पिवळीच्या चाकाशी मरून पडला होता. उचलायला गेलो तर अंग पिशवीसारखं लोंबलं. एकही बरगडी धड नव्हती. पाठीवर केस जळालेले, अ‍ॅसिडने जळतात तसे. पाच बोटांचा पंजा स्पष्ट. गाडीच्या पत्र्याला बाहेरच्या अंगाने चार टेंगळं आली आहेत. आतून कोणी बुक्के मारावेत तशी.

वेल्डरने आज एकही विनोद केला नाही. दातांच्या खिंडीवरून जीभ फिरवत त्याने विचारलं की मी ती भरली तर नाही ना. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा आकडा खोटा सांगितला.

१६ तारीख, रविवार

आजच्या अक्षराला माफी.

भर दुपारी वेल्डर कुलूप बघायला गेला. मी वीस पावलांवर होतो. दार आतून उघडलं, कुलपासकट. एक हात बाहेर आला, कोपरापर्यंत जळून ओला झालेला, मुठीत बॅटरी उचलायची लोखंडी कडी. पहिल्या फटक्यात वेल्डरचा जबडा गेला. दुसऱ्यात खांदा. मी त्याला पायांना धरून ओढलं. दार लागलं. आता तो हॉस्पिटलमध्ये आहे, बोलता येत नाही.

बाई डोळ्याला पट्टी बांधूनच आल्या. भिंतीवरचा मीटर पाहिला आणि खाली बसल्या. मग सगळं सांगितलं. नवरा मारकुटा. ही बोटं त्याने मोडली, वेल्डरचे दात त्यानेच पाडले. एक दिवस त्याने पेटीचं झाकण बंद ठेवून चार्जर लावला आणि पायरीवर बसून सिगारेट पेटवली. स्फोट झाला, अ‍ॅसिड तोंडावर उडालं. गेला, पण गाडी सोडली नाही. जिवंतपणीही त्याचं तेच होतं, म्हणाल्या. उपाशी असला की शोधत फिरायचा, पोटभर असला की हात उगारायचा, अर्धपोटी असला की पडून राहायचा. माझ्या आधीच्या माणसाने एकदा सुट्टी घेतली, बॅटरी पार उतरली, आणि नवरा याच स्वयंपाकघरापर्यंत आला होता. आधीच्या माणसाची बायको त्याच्या हाती इथेच लागली.

भरली कोणी, हे त्यांनी विचारलं नाही. आत्ताच हीटर लावा आणि निम्म्यावर आणा, म्हणाल्या. मी म्हणालो, भार लावण्याआधी चोवीस सेलची नोंद हवी, सकाळी उजेडात करू. खरं तर भीतीवर आकड्यांचं पांघरूण घातलं. ही म्हणते, आत्ता निघू. मी म्हणालो, भरली मी, उतरवीनही मीच.  तिने आज भांडी आदळली नाहीत. ते जास्त लागलं.

१७ तारीख, सोमवार, सकाळी आठ

बाई थांबल्याच नाहीत. सात वाजता एकट्याच हीटर घेऊन गेल्या. हीटरच्या वायरीचा एक चिमटा बॅटरीला जोडला होता. दारातून त्याने त्यांना केस धरून वर ओढलं. मी खिडकीतून — मला मोजायची सवय आहे — अकरा फटके. बारावा नाही.

ही माझ्या आधी धावली. मी चप्पल शोधत होतो. चप्पल!

तिलाही त्याने ओढलं. ती आत आहे. दार बंद.

साडेनऊ

दुसरा चिमटा जोडला. हीटर लाल झाला. पेटीसमोर पालथा पडून काम केलं, डोक्यावर पायरी. काचेची नळी पेटीजवळ ठेवली होती. हिला आत ओढताना तिचा चुरा झालाय. पायाखाली. त्याच्या.

आता फक्त मीटर. १२.५८.

पत्र्यातून हिचा आवाज येतो. मला हाक मारते. मग धप्प. मग आवाज नाही. मग पुन्हा हाक. हाक आली की बरं वाटतं.

१२.४१. गाडीच्या जवळ गेलो तर पत्रा माझ्याच दिशेने फुगतो.

१२.३०.

पावणेअकरा

१२.२०. बरोबर निम्मी. दार आपोआप उघडलं. ही रांगत बाहेर आली. तो आत जमिनीवर — दोन गुडघे दिसले, हलत नव्हते. बाई पण.

हीटर लगेच काढला. आणखी उतरली असती तर शोधत निघाला असता. दशांशावर थांबलो.

हिला उचलून आणलं. दंड मोडलाय. गालावर चार बोटं, कातडी निघालेली. पाणी ओततोय, ओततोय. अँब्युलन्सवाले म्हणाले अर्धा तास. आवाराच्या फाटकाला कुलूप, किल्ली बाईंच्या खिशात, बाई आत. हिला घेऊन भिंत चढता येणार नाही.

फार लवकर उतरली, असं मघाशी एकदा मनात आलं होतं. चार बॅटऱ्यांना दुप्पट वेळ लागायला हवा. पण दार उघडलं ना.

अकराला पाच

भिंतीवरचा मीटर १२.२९ दाखवतो.

चार्जर लावलेला नाही. वायर तपासली. बरोबर आहे.

मीटर १२.३५

भार चालू असताना मोजलं. मी. भार चालू असताना. खचलेला आकडा. काढला की वर चढते. वेल्डरला पहिल्याच आठवड्यात हेच —

निम्मी नव्हतीच. हीटर होता तोवरच तो पडून —

हीटर पेटीपाशी राहिला. चिमटे तिथेच. वीस पावलं. जायला हवं. जातो.

१२.४४

जायला आमचं दार उघडलं होतं. बंद केलं. तो पिवळीच्या पायरीवर उभा आहे. उन्हात. तोंड — तोंड नाही.

तो वायर बघतोय. मी ओढलेली. कुठे जाते ते बघतोय.

१२.५०

वायरीच्या कडेकडेने येतोय. कडी जमिनीवर घासतेय.

ही पलंगावरून उठली. एका हाताने टेबल सरकवतेय. पडदा ओढला तिने. म्हणते आकडे बास झाले, वही टाका, दार धरा —

१२.५३. एवढं लिहून

दाराच्या